सातवं कार्ड

“एकही रकाना रिकामा सोडायचा नाही,” हे म्हणाले आणि बाह्या दुमडून फॉर्म भरायला बसले.

१९६८ सालच्या मार्चमधली रविवारची सकाळ. ओक्लाहोमा राज्यातलं हार्लन क्रीक नावाचं गाव, गावाच्या टोकाला आमचं भाड्याचं दोन खोल्यांचं घर, आणि जेवणाच्या टेबलावर अमेरिकन सरकारचा फॉर्म. मी समोर बसून तांदूळ निवडत होते. अमेरिकेतल्या तांदळात निवडण्यासारखं काही नसतं, पण हातांना ते कोण सांगणार?

हे म्हणजे माझे यजमान, मुरलीधर खानविलकर. गावातल्या कारखान्यात शेतांवर औषध फवारणाऱ्या छोट्या विमानांचे भाग बनत, तिथे हे विमानांची शेपटं कागदावर काढत. कारखान्यात सगळे त्यांना मर्ल म्हणायचे, कारण मुरलीधर म्हणून होईपर्यंत जेवणाची सुट्टी संपायची.

फॉर्म होता फौजेच्या सक्तीच्या भरतीचा. तेव्हा व्हिएतनामात अमेरिकेची लढाई चालू होती आणि कायदा असा होता, की सव्वीस वर्षांखालच्या धडधाकट पुरुषाने सरकार बोलवेल तेव्हा जायचं. ज्याच्याकडे इथे कायमचं राहायचं हिरवं कार्ड आहे त्यानेही जायचं, मग तो देवरुखचा असला तरी. बोलावणं थोरल्यांपासून सुरू व्हायचं. ह्यांना ऑगस्टमध्ये सव्वीस पूर्ण होणार होती. म्हणजे ऑगस्टपर्यंत तग धरला तर सुटका, आणि तोपर्यंत तालुक्याच्या यादीत पहिला नंबर.

शहाणी माणसं असा फॉर्म कसा भरतात ते मला पुढे कळलं. दमा लिहितात, पाठ लिहितात, झोपेत चालतो असं लिहितात. आमचे हे देवरुखच्या हायस्कुलात शिकलेले. त्यांच्या लेखी फॉर्म म्हणजे अर्ज, आणि अर्ज म्हणजे आपल्यात जे जे चांगलं आहे ते सगळं मांडून ठेवायचं. दुसऱ्या कुणाची निवड व्हायला नको!

“लष्करी शिक्षण,” हे मोठ्याने वाचत होते. “एन.सी.सी., हवाई शाखा, सी सर्टिफिकेट. लिहिलं. क्रीडाप्रकार… लंगडीला इंग्रजीत काय म्हणतात गं?”

“लंगडी कशाला लिहिताय?”

“जिल्ह्यात दुसरा आलो होतो.” लिहिली. “इतर विशेष माहिती. हं.” इथे त्यांनी पेनची शाई पाहून घेतली. “उड्डाणाचा अनुभव. ग्लायडर. चौदा मिनिटं.”

“ते तर तुमचे सर चालवत होते ना?”

“मागच्या सीटवर मी होतो. दोरी मी सोडली.”

“कसली दोरी?”

“असते एक.”

त्या दोरीवर त्यांनी चार ओळी लिहिल्या. जागा पुरेना म्हणून वेगळा कागद टाचणीने जोडला. आपल्या हवाई दलाने ह्यांना दोनदा परत पाठवलं होतं, छाती दीड इंच कमी भरली म्हणून. ते मात्र लिहिलं नाही. तसा रकानाच नव्हता.

तेवढ्यात विमान आलं. गावापासून तीस-चाळीस मैलांवर हवाई तळ होता आणि तिथली आठ इंजिनांची बॉम्बफेकी विमानं आमच्या छपरावरून जात. विमान गेलं की मांडणीवरची लोणच्याची बरणी बोटभर पुढे सरकायची. अशी चार गेली की बरणी काठावर. मी ती परकराच्या नाडीने खिळ्याला बांधून ठेवली होती. हे खिडकीकडे धावले, मान वर करून विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले, मग परत येऊन बसले.

“मुलं?” त्यांनी विचारलं.

माझी बोटं तांदळात थांबली. मला दहा दिवस वर गेले होते. पण दहा दिवसांचं काय बोलायचं? आमच्याकडे साखरप्याला तीन महिने पुरे होईपर्यंत वाऱ्यालासुद्धा सांगत नाहीत. नजर लागते म्हणतात. मला तर अजून स्वतःलाच सांगायचं होतं.

“अं? मुलं किती?”

“नाही म्हणून लिहा,” मी म्हटलं.

ह्यांनी वळणदार अक्षरात ‘नाही’ लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली.

पुढच्या आठवड्यात कारखान्यातला बिल म्हणून एक सहकारी घरी आला. फॉर्मची हकिकत ऐकून त्याने खुर्चीत बसल्या बसल्या टोपी काढली, मयताला काढतात तशी.

“मर्ल, तू त्यांना विमानाबद्दल लिहिलंस?”

“खरं ते लिहिलं.”

“तुला काय वाटतं, ते तुला विमान देतील? तुला बंदूक देतील आणि चिखलात उभं करतील. विमान तुझ्या डोक्यावरून जाईल.”

हे हसले. बिललाही माहीत होतं आणि मलाही, की ह्यांच्याच कारखान्यात लष्कराचं थोडंफार काम यायचं. ते नकाशे टेबलावर उलगडले की साहेब म्हणत, मर्ल, तू जरा बाहेर जा. कारण हे परदेशी. बॉम्ब अडकवायच्या कडीचं चित्र बघायलासुद्धा ह्यांना बंदी होती. तर हे बाहेर जाऊन कॉफी पीत उभे राहायचे. चित्र बघायला माणूस परका, आणि प्रत्यक्ष लढायला घरचा.

बिल गेल्यावर मी म्हटलं, “आपण परत जाऊ या. देवरुखला काय वाईट आहे?”

“आणि काय सांगू? लढाई लागली म्हणून पळून आलो?”

“आपली कुठे आहे लढाई?”

“कायदा आहे. आपण ह्यांच्याकडे राहतो, जेवतो. बोलावलं की जायचं.” आणि मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, “आणि सगळेच काही मरत नाहीत.”

टीव्हीवर रोज संध्याकाळी आकडा सांगत, आज किती मेले. मला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. मॅट्रिकला गणितात मला अडुसष्ट होते.

एप्रिलमध्ये शरीरतपासणीचं बोलावणं आलं. आता ह्यांची उंची पाच फूट सहा इंच, आणि त्या उंचीला फौजेत वजन लागतं किमान एकशे सात पौंड. बिलने मला हातवारे करून सगळं समजावलं होतं. एकशे सातच्या खाली भरले तर घरी. लग्नात हे एकशे अकरा होते. तेव्हा मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पाप केलं. नवऱ्याचं जेवण तोडलं. तीन आठवडे पातळ आमटी केली, वाटी बदलून लहान घेतली, भात शिजवताना एक मूठ परत डब्यात टाकली. सासूबाईंची पत्रं येत होती, ‘मुरलीला डिंकाचे लाडू करून घाल, पहिल्यापासून त्याच्या अंगाला लागत नाही.’ मी ती पत्रं वाचून पिठाच्या डब्याखाली ठेवत होते.

तपासणीच्या दिवशी हे संध्याकाळी घरी आले ते शीळ घालत.

“किती भरलं?” मी विचारलं.

“एकशे साडेसात.”

“कसं?”

“बसस्टँडवर नऊ केळी खाल्ली. वर दोन बाटल्या दूध. काट्यावर उभा राहिलो तेव्हा श्वास घेता येत नव्हता.” हे इतके आनंदात होते की मला त्यांच्याकडे बघवेना. “डॉक्टर म्हणाले छाती ठीक आहे. हेमा, छाती ठीक आहे म्हणाले!”

मी मोरीत गेले आणि ओकले. हे मागे आले, पाठीवर हात फिरवायला लागले, म्हणाले, केळी मी खाल्ली आणि तू काय ओकतेस? तेव्हा मी सांगितलं. हे मोरीच्या उंबऱ्यावरच बसले. मग म्हणाले, “कुणाला सांगू नकोस हं. तीन महिने होऊ देत. आईलापण लिहायचं नाही.”

“मी कशाला सांगतेय,” मी म्हटलं.

मे महिन्याच्या दोन तारखेला देवरुखहून मामंजींचं रजिस्टर पाकीट आलं. त्यात ह्यांचं एन.सी.सी.चं मूळ सर्टिफिकेट होतं, हायस्कुलाच्या हेडमास्तरांचा वर्तणुकीचा दाखला होता, आणि त्यावर मामंजींनी स्वतः अंबाबाईचं कुंकू लावलं होतं. हे लगेच कपडे घालायला लागले.

“कुठे?”

“भरतीच्या ऑफिसात. फॉर्मला जोडून टाकतो.”

“मी पण येते,” मी म्हटलं. ज्या ऑफिसातून आपल्या नवऱ्याला नेणार होते ते एकदा बघून घ्यावं म्हटलं.

ऑफिस पोस्टाच्या वर होतं. एक खोली, एक टाइपरायटर, आणि मिसेस ओपल टकर. पंचावन्नच्या बाई, केस निळसर पांढरे, चष्मा साखळीला बांधलेला. सगळ्या तालुक्याच्या पोरांची कार्डं त्यांच्या खणात होती. भिंतीवर एका बॉम्बफेकी विमानाचा जुना फोटो आणि खाली दहा हसरे जवान. खिडकीत लाल मातीची कुंडी आणि तिला नुकतंच घातलेलं पाणी.

“नमस्कार मॅडम,” हे म्हणाले. “हे माझ्या फॉर्मला जोडायचं आहे.”

मिसेस टकरनी दाखला उजेडात धरला, कुंकवाचं बोट बघितलं, मागची बाजू बघितली.

“मर्ल,” त्या म्हणाल्या, “बावीस वर्षं मी ह्या खुर्चीत बसते. लोक इथे रडत येतात, वकील घेऊन येतात, एकजण काठी घेऊन लंगडत आला आणि काठी विसरून गेला. चांगल्या वर्तणुकीचा दाखला घेऊन आलेला तू पहिलाच.”

“थँक यू मॅडम,” हे खूष होऊन म्हणाले.

हे सगळं बोलणं मला त्या दिवशी कळलं नव्हतं. काही ह्यांनी नंतर सांगितलं, काही मी आपलं आपण जुळवलं. मी इंग्रजी शिकत होते ती पाट्या वाचून. दुकानाची पाटी, दुधाचा खोका, जे दिसेल ते मोठ्याने अक्षर अक्षर जुळवून वाचायचे. पण त्या वेळी मी वाचत नव्हते. मी खिडकीपाशी उभी होते आणि त्या ओल्या कुंडीचा वास माझ्या नाकातून थेट साखरप्याला गेला होता. चुलीला पोतेरं घातल्यावर येतो, तसाच. माझा हात कधी गेला मला समजलं नाही. कुंडीच्या काठाची ओली खपली निघाली. ती मी तोंडात टाकली. मग दुसरी.

“हनी,” मिसेस टकर म्हणाल्या, “तुझ्या तोंडात काय आहे?”

हे वळले. “काय खातेस गं?”

“काही नाही,” मी म्हटलं, आणि माती दातांत करकरली.

मिसेस टकर उठून माझ्याजवळ आल्या. आता ही बाई ओरडणार, असं वाटून मी कुंडी पाठीमागे घेतली. त्यांनी माझ्या ओठाला लागलेला लाल कण बोटाने पुसला आणि इतक्या जवळून माझ्याकडे बघितलं, की मला माझी आई आठवली.

“कितवा महिना?” त्यांनी ह्यांना विचारलं.

हे कानापर्यंत लाल झाले.

“काय म्हणतात त्या?” मी विचारलं.

“काही नाही. इथली हवा मानवली का, विचारतात.”

मिसेस टकरनी ह्यांच्याकडे एकदा बघितलं, आणि माझ्यासमोर उभं राहून आपल्या पोटावरून हवेत एक भला मोठा गोल काढला.

“ही हवा का?” मी म्हटलं.



“माझी आई जॉर्जियाची,” मिसेस टकर म्हणाल्या. “पाचही पोरांच्या वेळी ती नदीकाठची माती खायची. एप्रनआड लपवून. मला माती खाणारी बाई ओळखायला शिकवू नकोस, मर्ल.” मग त्या टेबलापाशी गेल्या, ह्यांचा फॉर्म काढला आणि ‘नाही’वर बोट ठेवलं. “हे काय लिहिलंस?”

“मुलं नाहीत, मॅडम.”

“खालचं बारीक छापलेलं वाचलंस? होणारं मूलही धरतात. बायकोला दिवस असतील तर नवऱ्याला नेत नाहीत. कळवायचं असतं.”

“आमच्यात तीन महिने सांगत नाहीत.”

“कुणाला?”

“कुणालाच.”

“सरकारलासुद्धा?”

“सरकारला तर नाहीच,” हे म्हणाले.

मिसेस टकर खुर्चीत बसल्या. “अरे देवा. ग्लायडरची दोरी तू मला पान भरून सांगितलीस.”

मी ह्यांच्या बाहीला धरून विचारलं, की ही बाई काय म्हणते ते मला शब्दन् शब्द सांगा. ह्यांनी सांगितलं. हळूहळू, खाली बघत. ते ऐकताना मला आधी आनंद झाला, आणि मग एकदम दुसरंच काहीतरी सुचलं. एकही अक्षर न सोडता फॉर्म वाचणारा हा माणूस. बारीक छापलेलं ह्याने वाचलं नसेल?

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

“तीन महिने झाले की सांगणारच होतो.”

“आणि तोवर नेलं असतं तर?”

ह्यांनी भिंतीवरच्या विमानाकडे बघितलं. दहा हसऱ्या जवानांकडे.

“आपल्या लोकांनी दोनदा परत पाठवलं, हेमा,” हे म्हणाले. “आता कुठे कुणीतरी घेतलं होतं मला.”

मी चिडायला हवं होतं. मी चिडलेच होते. पण तोंडातून आलं ते भलतंच. “मी घेतलंय ना तुम्हाला,” मी म्हटलं. “छाती न मोजता.”

मराठीत बोललो होतो आम्ही, पण मिसेस टकरना काय कळायचं ते कळलं असावं. त्यांनी फोटोतल्या शेवटच्या माणसावर पेन्सिल टेकवली.

“हा रॉय. माझा नवरा. विमानाच्या शेपटीत बंदूक घेऊन बसायचा. मर्ल, तू शेपटं काढतोस ना? हा शेपटीत बसून जर्मनीवर एकोणतीस वेळा गेला. आता घराचं छप्पर गळतं तर मी चढते. तो शिडीसुद्धा धरत नाही.” मग त्यांनी घड्याळ बघितलं. “दीड वाजलाय. ह्या महिन्याच्या यादीत सहा नावं पाठवायची आहेत आणि पहिलं तुझं आहे. चारला पोस्टाची थैली बंद होते. यादी मी पावणेचारला टाइप करीन, कारण तोपर्यंत मला सँडविच खायचंय. डॉक्टरचं पत्र आण.”

हे उभेच.

“अहो,” मी म्हटलं, “चला.”

आणि हे निघाले.

डॉक्टर पेरी दुकानांच्या रांगेत शेवटी बसत. त्यांनी मला तपासलं, हसले, आणि दोन ओळींचं पत्र लिहून दिलं. ह्यांनी ते तीनदा वाचलं.

“सही आहे,” हे म्हणाले. “शिक्का नाही.”

“अहो, वाजले किती!”

“बिनशिक्क्याचा कागद कोण घेणार?”

डॉक्टरांकडे शिक्का नव्हता. नर्सने शोधून शोधून तारखेचा शिक्का आणला, तो उमटेना. ह्यांनी त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि पुन्हा मारायला लावला. आम्ही पोस्टाच्या जिन्यावरून वर धावलो तेव्हा चाराला दहा मिनिटं कमी होती. मी धावायला नको होतं, पण ते माझ्या लक्षात नव्हतं आणि ह्यांच्याही.

मिसेस टकरनी पत्र घेतलं आणि फाइलला लावलं. टाइपरायटरमध्ये कागद चढवलेला होता. त्यावर वर ‘खानविलकर’ असं लिहून झालं होतं, आडनावाचं स्पेलिंग अगदी बरोबर. त्यांनी तो ओढून काढला, चुरगाळला आणि टोपलीत टाकला. मला एकदम हलकं वाटलं.

मग त्यांनी दुसरा कोरा कागद चढवला. आणि खण उघडला.

खणात कार्डं होती, वयाप्रमाणे लावलेली. ह्यांचं कार्ड त्यांनी काढून बाजूला ठेवलं. त्यामागची पाच टेबलावर मांडली. पाच. बोटाने एकदा मोजली. मग खणातून आणखी एक वर काढलं, सातवं, आणि ते पाचांच्या शेजारी ठेवलं.

मी टेबलाच्या कडेला उभी होते. अक्षरं मोठी होती, टाइप केलेली. आणि मला सवय होती. जे दिसेल ते मी मोठ्याने जुळवायचे.

“वे… वेन… वेन्डेल,” मी वाचलं. “क्रा… क्राऊस.”

मिसेस टकरचं बोट हवेत थांबलं.

“वाचू नकोस, हनी,” त्या म्हणाल्या.

एवढं मला दुभाष्याशिवाय कळलं. पण वाचून झालं होतं. त्यांनी टाइप करायला घेतलं. दोन बोटांनी, एक एक अक्षर. आम्ही जिना उतरून खाली पोचलो तरी ते टकटक ऐकू येत होतं.

घरी जाताना आमच्या डोक्यावरून विमान गेलं. ह्यांनी मान वर केली नाही. त्यानंतर विमान आलं की हे खिडकीकडे जायचे नाहीत, मांडणीपाशी जाऊन लोणच्याची बरणी धरून उभे राहायचे. नाडी होती, तरी.

नोव्हेंबरात मेघना झाली. सात पौंड दोन औंस. हे म्हणाले, हिच्या वजनाची मात्र कुणी अट घातली नाही.

ती सहा वर्षांची होत आली तेव्हा शाळेची पिवळी बस आमच्या कोपऱ्यावर येऊ लागली. पहिल्या दिवशी मी तिला सोडायला गेले. बसचं दार उघडलं. आत ड्रायव्हर, उंच, लालसर केसांचा, तिशी अजून न गाठलेला. शर्टाच्या खिशावर नावाची पट्टी. आता मला जुळवावं लागत नव्हतं, तरी मी ती जुळवून जुळवूनच वाचली.

“गुड मॉर्निंग, मॅम,” तो म्हणाला. “जरा मोठ्याने बोला, ह्या बाजूचा कान गेलाय.”

पुढे बोलता बोलता त्यानेच सांगितलं. अडुसष्ट सालच्या मे महिन्यात फौजेचं बोलावणं आलं. पायदळात दोन वर्षं चिखल तुडवायचा, त्यापेक्षा त्याच दिवशी जाऊन हवाई दलात चार वर्षांची सही केली. जहाजाने गुआम बेटावर नेलं. तिथे त्या आठ इंजिनांच्या विमानांच्या पोटात बॉम्ब चढवायचं काम. रोज, चार वर्षं, इंजिनांच्या शेजारी उभं राहून.

“उडालो मात्र एकदाच, मॅम,” तो म्हणायचा. “घरी येताना. तेही मधल्या सीटवर.” आणि हसायचा. “पण कानाचा फायदा झाला. चाळीस पोरं ओरडतात, मला वीसच ऐकू येतात.”

मी रवा-नारळाचे लाडू केले. डब्यात घालून बसच्या पायरीवर चढून त्याला दिले.

“हे कशाबद्दल?”

“आमचा सण आहे,” मी म्हटलं.

मग मी दर महिन्याला लाडू केले. संक्रांत, पाडवा, नागपंचमी. सण संपले की एकादशीचे, आणि एकादशीला लाडू चालत नाहीत हे हार्लन क्रीकमध्ये कुणाला माहीत होतं! तो म्हणायचा, “मॅम, तुमच्या देशात कामाचा दिवस कधी असतो?” पण खायचा. पाच वर्षांत त्याचं पोट सुटलं, आणि ते बघून मला बरं वाटायचं. आमच्या घरी नारळ हे खवायचे. एरवी स्वयंपाकघरातलं काडीचं काम न करणारा माणूस. कुणासाठी, हा विषय आम्ही एकदाही काढला नाही. फक्त मी निघाले की म्हणायचे, “झाकण घट्ट लावलंस ना?”

डबा त्याच्याकडून कधी रिकामा परत आला नाही. त्याच्या दारात पेकानचं झाड होतं. अक्रोडाच्या जातीची ती फळं सोलून, तुकडे न होऊ देता, तो डबा भरून पाठवायचा. आईने शिकवलंय, म्हणायचा.

१९८६च्या मे महिन्यात मेघनाचा शाळेचा शेवटचा दिवस होता. अठरावं लागलेलं, तिला बसची गरज उरली नव्हती, पण शेवटच्या दिवशी हौसेने बसने निघाली. मी डबा घेऊन कोपऱ्यावर गेले. रात्रभर मी ह्यांच्या शेजारी पडून, पुटपुटत इंग्रजी वाक्यं जुळवली होती. आता सांगायचंच, असं ठरवलं होतं. त्याच्याकडून शिव्या खाल्ल्या तरी चालेल.

मेघना आत चढून मागे गेली. मी पायरीवर उभी राहिले.

“मिस्टर क्राऊस,” मी म्हटलं. “अडुसष्ट साली एक यादी होती. सहा नावांची. त्यात तुमचं नाव नव्हतं. माझ्या नवऱ्याचं होतं. मग मला ही होणार होती, म्हणून त्यांचं काढलं आणि तुमचं घातलं. मी तिथे होते. तुमचं कार्ड मी वाचलं.”

मागे पोरं गाणी म्हणत होती. त्याने माझ्याकडे बघितलं, भुवया उंचावल्या आणि मोकळेपणाने हसला.

“हो मॅम,” तो म्हणाला, “नारळाचेच सगळ्यात चांगले.”

आणि त्याने मागच्या महिन्याचा डबा माझ्या हातात दिला. जड होता.

अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि बसचं दार उजवीकडे असतं. मी त्याच्या उजव्या कानाशी बोलले होते. डावा कान पलीकडे, खिडकीशी होता, आणि खिडकी उघडी होती. बसला पुढून वळसा घालून तिथे पोचायला फार तर दहा पावलं लागली असती. तो थांबला असता. मी मागेन तेवढा वेळ थांबला असता.

मी पायरी उतरले. त्याने हात हलवला, दार मिटलं, बस गेली. मी डबा घेऊन घरी आले. हे दारातच उभे होते.

“सांगितलंस?”

“सांगितलं,” मी म्हटलं.

ह्यांनी डबा माझ्या हातातून घेतला, झाकण उघडलं आणि आतली सबंध, एकही न तुटलेली पेकानं बघत किती तरी वेळ उभे राहिले.

“काय म्हणाला?”

“लाडू आवडले म्हणाला.”

ह्यांनी झाकण लावलं. मग आत जाऊन नारळ काढला.